मऊ तोंड

बूट काढू नका, इथला चिखल घरचाच आहे.
पिल्लं मागच्या खोलीत, उद्या सात आठवड्यांची होतील.
त्या मोठ्या डोक्याच्या काळ्यावर तुमची नजर गेली ना?
सगळ्यांची जाते.
न्या त्याला, शेकोटीपुढे शोभेल.
पण सॉल्वेच्या खाडीवर, जानेवारीत, पहाटे,
पाण्यावर बर्फाची साय धरलेली असताना
तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल.

हा बदकाचा पंख. टाकतो, बघा.
एकानं हुंगून सोडला. दोघांची ओढाताण.
हा घेऊन कोपऱ्यात पळाला, आजोबाही असाच चोर होता.
आणि ही, छातीवर पांढरा ठिपका असलेली,
पंख उचलते, क्षणभर थांबते
जणू कुणाचा असेल बरं हा,
आणि माझ्याकडे येते.

मी शिकवलेलं नाही हे.
हे त्या फळीवरच्या वह्यांमध्ये आहे,
सेहेचाळीस वर्षांच्या.
वेत, तारीख, खुब्यांचे एक्स-रे, डोळे,
बार ऐकून कोण दबकलं,
आडोशाला बसून कोण कुईकुई करत राहिलं,
पडलेला पक्षी कुणी नजरेत धरून ठेवला
दोन ओहळ आणि एक काटेरी तार ओलांडेपर्यंत.
प्रदर्शनवाल्यांनी याच रक्तातून
पिंपासारखी छाती काढली, आखूड पाय, रेशमी फिती.
मायाळू असतात बिचारी. चिखलात रुततात.
माझा धंदा म्हणाल तर नाही म्हणण्याचा.
दहातल्या नवांना नाही,
आणि त्या नवांना चांगली घरं.

ही लाल रेघ? ही टार्न.

तिच्यासारखी पुन्हा झाली नाही.
धुक्यात, भरती चढत असताना,
जायबंदी कलहंसामागे ती गेली
आणि मी शिट्टी फुंकून फुंकून ओठ फोडून घेतले.
पाऊण तासानं आली, मानेपर्यंत पाण्यात,
हंस तोंडात.
हातात घेतला तर बरगड्या चुरलेल्या.
पुढचं बदक तसंच. त्यापुढचंही.
कठीण तोंड.
डम्फ्रीजचा कॅरुथर्स तिच्या एका पिल्लासाठी
आगाऊ पैसे टेबलावर ठेवून गेला होता,
मी टपालानं परत पाठवले.
खाण तशी माती, म्हटलं,
ही खाण इथेच बुजवायची.
तिला वेत होऊ दिलं नाही.
चौदा वर्षं जगली, या दारातच झोपायची,
तुम्ही उभे आहात तिथं.

आता एक सांगतो, वहीत लिहिलेलं नाही.
त्या हिवाळ्यात ग्रिझेल इस्पितळात होती.
मी खाडीवर जायचो ते घरात बसवेना म्हणून,
आणि पोचलो की परतायची घाई.
टार्न पक्षी आणायची
आणि मी हिसकून घ्यायचो.
रोज. ओल्या हातमोज्यांनी, तिच्याकडे न बघता.
हिसकलं की कुत्रं दात आवळतं,
दहा वर्षांच्या पोराला ठाऊक असतं हे,
मीच शिकवतो इथं येणाऱ्या पोरांना.

मग ते रक्तात होतं की माझ्या हातात?
एक वेत होऊ दिलं असतं तर कळलं असतं.
एवढ्या वह्यांमध्ये तेवढंच एक पान नाही.

ही ठिपकेवाली टार्नच्या बहिणीकडून येते, सहाव्या पिढीत.
काल शेजारणीच्या खुराड्यातून
अंडं उचलून आणलं तिनं,
माझ्या चपलेत ठेवलं, अख्खं.
मी ते तिथंच राहू दिलं, दिवसभर
एका चपलेनं फिरलो.

पैशांचं नंतर बघू.
बसा खाली, असे, गुडघ्यावर.
ती पंख घेऊन तुमच्याकडे येतेय.
हात पुढे करा. धरू नका.
ती सोडेल तेव्हा घ्यायचा.

घाई नाही ना तुम्हाला?
मी तुमचा हात बघतोय.